मागच्या खोलीतली बोट

“टबाला हात लावायचा नाही,” कॅप्टन म्हणाला. “हे मी शेवटचं सांगतोय.”

“शेवटचं तुम्ही मागच्या आठवड्यातही सांगितलं होतं,” त्याची बायको म्हणाली. “लेकराला बादलीत अंघोळ घालतेय मी. आणि आत वाघाच्या पंजांसारखे पाय असलेला टब उंदरांना झोपायला दिलाय.”

“सिंहाचे. सिंहाचे पंजे आहेत ते.”

“बरं, सिंहाचे. उंदरांना सांगून ठेवा, म्हणजे तेही जरा धाकात राहतील.”

चुलीजवळ बसलेली त्यांची लेक हसली आणि लगेच तिचं हसू थांबलं, कारण मांडीवरचं बाळ खोकायला लागलं. त्याचा खोकला लहान आणि कोरडा होता, एखाद्याने बंद दारावर नखाने टकटक करावी तसा. खोकून झालं की ते दमून आईकडे बघत राही. कॅप्टन तेवढा वेळ बाळाकडे न बघता मागच्या खोलीच्या कुलपाकडे बघे.

घराला खोल्या दोन. पुढच्या खोलीत स्वयंपाक व्हायचा, जेवणं व्हायची, सगळे झोपायचे, आणि तिथेच कॅप्टनची बायको लोकांच्या चादरी धुऊन इस्त्री करायची. चुलीवर सदा पाण्याचा हंडा असे. भिंतींना ओल आली होती आणि छताला काळे डाग पडले होते. मागची खोली मोठी होती. तिला समुद्राच्या बाजूला खिडकी होती, कोरडी हवा होती, दुपारपर्यंत ऊन होतं, आणि तिच्यात एक बोट ठेवलेली होती.

अख्खी बोट नव्हे, बोटीचं पोट. महोगनीच्या भिंती फळी फळी सुटी करून रचलेल्या, मखमली पडदे गुंडाळलेले, बेलबुट्टीचे आरसे, पितळी दिवे, जेवणाचं लांब टेबल, एक बुटका पियानो आणि तो टब. युद्ध सुरू झालं तेव्हा हे सामान या घरात आलं. युद्ध संपलं, बंदरातले पडके धक्के पुन्हा बांधून झाले, पोरीचं लग्न झालं, तिला मूल झालं. सामान तिथेच होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरने सरळ सांगितलं होतं, या वाफेत मूल ठेवू नका, खिडकी असलेली कोरडी खोली बघा. हा खोकला आणखी खाली उतरला तर मग माझ्याकडे आणून उपयोग नाही. पोरीचं भाड्याचं घर पालिकेने पाडलं होतं आणि जावई मालवाहू बोटीवर कुठल्या तरी लांबच्या पाण्यात होता. खोली बघायला फार दूर जायचं नव्हतं. एक कुलूप काढायचं होतं.

“मालकांचा माणूस उद्या आला आणि एखाद्या फळीला पाणी लागलेलं दिसलं, तर मी तोंड कुठे लपवू?” कॅप्टन म्हणाला. “मालकांचे शब्द आहेत. सांभाळ म्हणाले. मला म्हणाले, दुसऱ्या कुणाला नाही.”

हे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. पोर लहान असताना बाहुलीला झोपवतानाही हेच म्हणायची, “सांभाळ म्हणाले, मला म्हणाले.”

कॅप्टन कधीच कॅप्टन नव्हता. तो मालकांच्या खासगी यॉटवर वाढप्या होता. पाहुण्यांना पेले भरून द्यायचे, रिकामे उचलायचे आणि उरलेला वेळ पितळ पुसायचं, एवढं त्याचं काम. पांढरा कोट आणि त्याला चकचकीत बटणं. त्या कोटात तो गल्लीतून चालत गेला की गल्लीतली माणसं त्याला सलाम ठोकायची, “काय कॅप्टन, आज वारं कुठून?” चिडवण्यासाठी ठेवलेलं नाव त्याने बक्षीस म्हणून घेतलं. वारं कुठून आहे ते तो थांबून, बोट वर करून, खरोखर सांगायचा. अशा माणसाला चिडवण्यातही मजा राहत नाही. लोकांनी चिडवणं सोडलं, नाव तेवढं राहिलं.

मालक साबणाचे कारखानदार. बाईसाहेब, बोट आणि साबण या तिन्हींना एकच नाव होतं, आणि त्यातला साबण तेवढा कामाला यायचा. बोट पांढरीशुभ्र, निमुळती, नाकाड वर केलेली. रविवारी मंडळी तिच्यावर बसून बंदराबाहेर जात, नांगर टाकत, आणि समुद्राकडे पाठ करून पत्ते खेळत. मालकांना बोट लागायची. बोटीत चढताना त्यांचा चेहरा जो हिरवा पडे तो उतरेपर्यंत तसाच राही. तरी ते दर रविवारी जायचे, कारण त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे बोट नव्हती. कॅप्टनच्या मते मात्र मालक म्हणजे जातिवंत दर्यावर्दी. “मोठ्या माणसांना लागते बोट,” तो घरी सांगायचा. “त्यांची प्रकृती नाजूक असते.”

“आणि माझ्या भावाला का नाही लागत?” बायको विचारायची.

“तो सुतार आहे.”

तिचा धाकटा भाऊ गोदीत सुतार होता. युद्ध लागलं, नौदलाला गस्तीसाठी मिळतील तेवढ्या बोटी हव्या होत्या, आणि खासगी बोटी ताब्यात घ्यायचा हुकूम निघणार हे सगळ्या बंदराला ठाऊक झालं. हुकूम निघायच्या आदल्या दिवशी मालकांनी आपली बोट देशाला अर्पण केली. वर्तमानपत्रात फोटो आला. मालक एका अधिकाऱ्याचा हात हातात घेऊन उभे, बाईसाहेब डोळ्याला रुमाल लावून, मागे बोट, आणि अगदी कडेला एक पांढरं कोपर. ते कोपर कॅप्टनचं. त्याने फोटो काचेत बसवून भिंतीवर लावला. पाहुणा आला की तो आधी कोपराकडे बोट दाखवायचा आणि मग मालकांकडे.

बोट गोदीत आली तेव्हा तिचं आतलं सामान काढायच्या टोळीत हा मेव्हणा होता. प्रत्येक फळीवर त्याने खडूने खूण घातली, डावी की उजवी, वरची की खालची, म्हणजे युद्ध संपल्यावर जशीच्या तशी परत बसवता येईल. मालकांच्या घरात एवढं सामान ठेवायला जागा नव्हती, असं मालक म्हणाले. त्यांच्या घराला खोल्या किती हे त्यांनाही माहीत नसेल. कॅप्टन पुढे झाला आणि म्हणाला, मालक, माझी मागची खोली आहे. ती खोली त्याच्या सासूसाठी होती. सासू म्हणाली, असू दे, युद्ध किती दिवस चालणार.

मग बोटीचं काय काय झालं ते मेव्हण्याने बघितलं. बाईसाहेबांची वेताची खुर्ची जिथे असे तिथल्या डेकच्या फळ्यांखाली लोखंडी तुळया घालून वर तोफ बसवली. पोहायला उतरायची शिडी होती त्या मागच्या टोकाला पाणबुड्यांवर टाकायच्या सुरुंगांचे पाळणे आले. कपड्यांच्या कपाटात बिनतारी यंत्र बसलं. जिथे पत्ते खेळत तिथे खलाशांच्या झोळ्या टांगल्या. बाईसाहेबांचं नाव खरवडून नंबर टाकला आणि सगळी बोट, नळ, कठडे, घंटेसकट, करड्या रंगात बुडवून काढली.

“बरी दिसायला लागली,” मेव्हणा त्या दिवशी घरी येऊन म्हणाला. “पहिल्यांदाच काहीतरी काम करणाऱ्या बाईसारखी.”

कॅप्टनने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

नौदलाने कॅप्टनलाही बोटीसोबत घेतलं, कारण स्वयंपाकघराची वाट आणि नळांच्या खोडी त्यालाच ठाऊक होत्या. हा त्याच्या आयुष्यातला मोठा काळ. त्याबद्दल तो अजूनही बोलतो, आणि त्यात लाटा फार उंच असतात. प्रत्यक्षात ती बोट बंदराच्या तोंडाशी सकाळी इकडून तिकडे आणि संध्याकाळी तिकडून इकडे जायची. पाणबुडी तिला कधी दिसली नाही. एकदा एका तरंगत्या दारावर तिने तोफ डागली होती आणि तोही नेम चुकला. पण खलाशी मनापासून गस्त घालत होते. थंडीने त्यांचे हात फाटत, आणि रात्री दिवा न लावता ते अंधारात डोळे फाडून बसत. त्यांच्यात कॅप्टन हा असा एकच माणूस होता, ज्याला शत्रूपेक्षा करड्या रंगाची जास्त चीड होती.

पितळेवर रंग. हे त्याला सोसेना. आयुष्यभर पुसलेला कठडा असा मेल्यासारखा पडलेला बघून त्याला झोप येईना. त्याने आधी नखाने थोडा रंग उकरला. मग चमच्याने. मग स्वयंपाकघरातला व्हिनेगर आणि चुलीतली राख घेऊन रोज पहाटे हातभर कठडा मोकळा करू लागला. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यावर फडकं टाकून ठेवायचा. एका स्वच्छ सकाळी त्याने फडकं काढलं आणि कठडा उन्हात चमकवत ठेवून कौतुकाने बघत बसला. वरून आपल्याच बाजूचं विमान जात होतं. वैमानिकाला समुद्रातून कुणीतरी चमकून चमकून इशारे करतंय असं दिसलं. त्याने कळवलं. बंदरात भोंगे झाले, माणसं तळघरात पळाली, बाजार रिकामे झाले, शत्रूला पकडायला दोन बोटी निघाल्या. त्या पोचल्या तेव्हा त्यांना गस्तीच्या बोटीवर फडकं हातात धरलेला एक वाढप्या सापडला.

“हे काय चाललंय?” तरुण अधिकाऱ्याने विचारलं.

“रविवार आहे, साहेब,” कॅप्टन म्हणाला. “रविवारी मालक येतात.”

त्याच दिवशी त्याला किनाऱ्यावर उतरवलं. बाकीचं युद्ध त्याने गोदीतल्या नौदलाच्या भटारखान्यात बटाटे सोलून जिंकलं.

घरी त्याने सांगितलं, खास कामगिरी आहे, बोलायची परवानगी नाही. बायकोने काही विचारलं नाही. ती त्याचे कपडे धुवायची. समुद्रावरून येणाऱ्या माणसाच्या खिशात मीठ सापडतं, याच्या खिशात बटाट्याची सालं सापडायची. तिने ती काढून कोंबड्यांना टाकली आणि गप्प बसली. बटाटे सोलण्यात तिला काही कमीपणा वाटत नव्हता. ज्याला वाटत होता त्याला कशाला उघडं पाडायचं, असा तिचा हिशेब. दया म्हणून तो ठीक होता. पण नवऱ्याची एक फुशारकी खपवून घेतली की तो दुसरी तिच्या शेजारी आणून मांडतो.

युद्ध संपल्यावर एक दिवस तो पांढरा कोट घालून मालकांकडे गेला. परत आला तो डोळे लाल करून, पण मान ताठ ठेवून. “सांभाळ म्हणाले,” त्याने सांगितलं. तेव्हापासून मागच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली त्याच्या गळ्यात गेली. दर रविवारी तो पांढरे हातमोजे घालून आत जाई, दिवे पुसे, आरसे पुसे, फळ्यांवरच्या पुसट झालेल्या खडूच्या खुणा नव्याने काढी आणि बाहेर येऊन जेवायला मागे. सासू पुढच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशेजारी वाफेत खोकत पडली होती. ती गेली तेव्हा तिचं अंथरूण गुंडाळायला फार वेळ लागला नाही, कारण फार पसरायला जागाच नव्हती. जावयाने लग्नानंतर मागची खोली मागितली. कॅप्टनने त्याला समुद्रावर कसं वागावं यावर तासभर व्याख्यान दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. जावई वर्षाचा बहुतेक काळ पाण्यावर असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भाड्याची खोली बघितली. तीच आता पाडली.

तर आजचं भांडण टबावरून सुरू झालं होतं. त्यात दुपारी मेव्हणा आला. दारातच त्याने बूट झटकले, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाला, “ताई, चहा टाक. आज एक ओळखीची बाई भेटली गोदीत.”

“कोण?”

“भाऊजींची बोट.”

कॅप्टन खाटेवरून उठला. “दुरुस्तीला आली असेल. मी म्हणत नव्हतो? आतलं काम बाकी आहे म्हणून थांबलेत.”

“दुरुस्तीला आलीय खरी. मेंढ्यांनी कठडा तोडलाय.”

“कुणी?”

“मेंढ्यांनी, भाऊजी. कुण्या व्यापाऱ्याने घेतलीय ती. बेटांवरून मेंढ्या आणतो. तोफेचा चौथरा अजून आहे, त्यावर कडबा रचलाय. आत शिरलो तर लेंड्यांनी पाय घसरला. अगदी बाईसाहेबांच्या पत्त्यांच्या टेबलाच्या जागी.”

लेक तोंडाला पदर लावून हसायला लागली. बायको हसली नाही. तिने कप खाली ठेवला.

“वेगळी बोट असेल,” कॅप्टन म्हणाला.

“फळ्या काढताना पडलेली खिळ्यांची भोकं माझ्या हातची आहेत. आपलं मूल ओळखू येतं माणसाला.”

“मग मालकांना माहीत नसेल. त्यांची फसवणूक झाली असेल. मोठ्या माणसांना सगळे लुटतात.” तो पुन्हा खाटेवर बसला आणि गळ्यातली किल्ली मुठीत धरली. “म्हणूनच तर सामान जपायला हवं. आता तर जास्तच.”

बाळ खोकायला लागलं. या वेळी बराच वेळ खोकलं. त्याचे ओठ जांभळट झाले आणि लेकीने त्याला उभं धरून पाठीवर थोपटत दारात नेलं. बायको उठली. तिने हात पुसले, धुतलेला पांढरा रुमाल डोक्याला बांधला आणि चपला घातल्या.

“कुठे निघालीस?” कॅप्टनने विचारलं.

“मालकांकडे. त्यांचं सामान घेऊन जा म्हणून सांगते.”

“अगं, असं जायचं नसतं. त्यांची वेळ बघावी लागते. मी जाऊन येतो रविवारी.”

“रविवारी तुम्हाला दिवे पुसायचे असतात,” ती म्हणाली आणि निघाली.

मालकांचं घर टेकडीवर होतं. ती मागच्या दाराने गेली. स्वयंपाकिणीने तिला ओळखलं, कारण बोटीवरचे टेबलक्लॉथ ती वर्षानुवर्षं इथूनच घेऊन जायची आणि इथेच आणून द्यायची. बाईसाहेबांनी ओळखलं नाही. त्या काचेच्या खोलीत पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या, पाण्यात काहीतरी गुलाबी मिसळलं होतं आणि एक मुलगी त्यांच्या हातांची नखं कापत होती. त्या आता जाड झाल्या होत्या. साबणाच्या वेष्टनावर त्यांचं जे चित्र होतं त्यात त्या अजून बारीक होत्या.

“वाढप्याची बायको,” तिने सांगितलं. “बोटीवरच्या.”

“हो का? अगंबाई, तो आहे अजून?”

“आहे. बाईसाहेब, तुमचं सामान घेऊन जायला माणूस पाठवा. आमच्याकडे लहान मूल आहे, आजारी आहे. खोली हवीय.”

“कसलं सामान?”

“बोटीचं. भिंतीच्या फळ्या, आरसे, टब. पियानो.”

बाईसाहेबांनी पाय पाण्यातून काढले. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. “ते अजून ठेवलंय? मला वाटलं केव्हाच जाळलं असेल. आम्ही सांगितलं होतं की त्याला. युद्ध संपलं तेव्हा आला होता तो, कोटबीट घालून. हे म्हणाले, अरे, ती जुनी बोट आता आम्हाला नकोच, तोफा ठेवून पार खिळखिळी करून टाकलीय. नवी घेतली ना आम्ही, फिकट लाकडाची. ते काळं लाकूड मला कधीच आवडलं नव्हतं. हे म्हणाले, ते सामान तू ठेव, नाहीतर विक, जाळ, तुला हवं ते कर.”

“मग?”

“मग काय, रडला. मला तर कळेना का रडतोय. म्हणाला, तरी मी सांभाळतो, मालकांचं मन बदललं तर असावं. यांना इतकं हसू आलं. म्हणाले, सांभाळ बाबा, सांभाळ.” बाईसाहेबांना आताही हसू आलं. “आम्ही कितीतरी दिवस घरात म्हणायचो ते. छत्री हरवली, सांभाळ बाबा, सांभाळ. मुलांना तर नादच लागला होता.”

नखं कापणारी मुलगी खाली बघत राहिली.

“मूल कुणाचं?” बाईसाहेबांनी विचारलं.

“माझ्या मुलीचं.”

“काळजी घ्या हं. स्वच्छता ठेवा. जाताना साबणाच्या वड्या घेऊन जा, आतून देतील.”

तिने वड्या घेतल्या नाहीत. स्वयंपाकिणीने नेहमीप्रमाणे पुढे केल्या, तेव्हा ती म्हणाली, “राहू दे, डाग निघत नाहीत त्याने.” इतकी वर्षं ती त्याच साबणाने लोकांच्या चादरी घासत होती, पण हे तिने मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं.

टेकडी उतरताना तिला मालकांचा राग आला नाही. रागवायचं तर माणूस थोडा तरी आपला असावा लागतो. मालकांना वस्तू नको झाली, त्यांनी टाकली. बोट टाकली, सामान टाकलं, वाढप्या टाकला, तिन्ही एकाच वाक्यात. तिला राग आला तो घरातल्या माणसाचा. युद्ध चालू होतं तोपर्यंतचं तिने सोडून दिलं, तेव्हा त्याला खरंच वाटत असेल. पण त्यानंतरचं? त्यानंतर तिची आई खोलीबाहेर मेली. त्यानंतर जावयाने खोली मागितली. डॉक्टर काय म्हणाला ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि किल्ली मुठीत धरून खाटेवर बसून राहिला. कोणी मागत नव्हतं, कोणी येणार नव्हतं, आणि हे घरात फक्त त्याला ठाऊक होतं.

ती घरी आली तेव्हा मेव्हणा बाळाला घेऊन दारात उभा होता आणि लेक ओल्या चादरी बाहेर दोरीवर नेऊन घालत होती, आत वाफ कमी व्हावी म्हणून. कॅप्टन उठून उभा राहिला. त्याने पांढरा कोट चढवला होता.

“काय म्हणाले?” त्याने विचारलं. “माणूस पाठवतायत?”

“कोट कशाला घातलाय?”

“येतील म्हणून.”

ती खुर्चीवर बसली. “कोणी येत नाही. तुम्हाला सांगितलंय त्यांनी. विक म्हणाले, जाळ म्हणाले. तुमच्या तोंडावर.”

लेक दारात येऊन थांबली. मेव्हण्याने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. कॅप्टनने कोटाचं एक बटण काढलं, पुन्हा लावलं.

“थट्टेत म्हणाले ते,” तो म्हणाला.

“सांभाळ म्हणाले ती थट्टा. आजही हसतात त्यावर. छत्री हरवली की म्हणतात.”

“तुला नाही कळणार,” कॅप्टन म्हणाला. आवाज चढवायचा त्याने प्रयत्न केला, पण तो चढला नाही. “मला कामावरून कोणी काढलं नव्हतं. तू रजा घे, असं कोणी म्हणालं नाही मला. सामान आहे तोवर मी बोटीवरचा आहे. सामान दिलं की मी कोण?”

“बटाटे सोलणारा,” ती म्हणाली. “खिशात सालं सापडायची मला. मी लोकांच्या घामाच्या चादरी धुते, हा लाकडं तासतो, जावई कोळसा ओढतो. तुम्हाला एकट्यालाच काय झालं होतं?”

“बाबा,” लेक म्हणाली, “आजीच्या वेळेलाही माहीत होतं तुम्हाला?”

त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग तिथूनही नजर काढून घेतली. तेवढ्यापुरती त्याची कीव यावी असा तो दिसत होता, खांदे पडलेले, कोट मात्र ताठ. पण बाळ खोकलं, आणि कीव तिथल्या तिथे संपली.

“किल्ली,” बायको म्हणाली.

त्याने ती गळ्यातून काढली. दोरीत अडकलेली केसाची गाठ सोडवायला त्याला वेळ लागला. त्याने किल्ली तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली, पाहुण्यांपुढे पेला ठेवावा तशी अलगद. तिने उचलली आणि भावाकडे दिली.

“ऐका सगळे,” ती म्हणाली. “आत्ता आपण पियानो आणि टब बाहेर काढतोय. टबात मी चादरी धुणार, अंगणात. उद्या हा करवत घेऊन येईल. त्या फळ्यांचा बाळासाठी पलंग होईल, उरतील त्या ओलीच्या भिंतीला लागतील. पडदे फाडून दुपटी करायची. लेक आणि बाळ आजपासून खिडकीजवळ झोपतील, मी त्यांच्याजवळ. हे पुढे, चुलीपाशी झोपतील. आणि उद्यापासून बटाटे हे सोलतील.”